पळसाचं सरबत, मोहाचं पाणी: फाल्गुन-चैत्रातल्या भटक्यांसाठी

होळीच्या आसपास सह्याद्रीच्या वाटा तापू लागतात. गडांवरची टाकी तळ गाठतात, गवत वाळून पिवळं पडतं आणि बरीच मंडळी पावसाळ्यापर्यंत सॅक माळ्यावर टाकतात. पण पानझडीच्या रानाला बहर येतो तो याच दिवसांत. पळस, पांगारा, काटेसावर पेटल्यासारखे फुलतात, मोह टपटपू लागतो आणि कडुलिंबाला मोहोर येतो. यातल्या काही फुलांचं सरबत आपल्याकडे पूर्वीपासून होत आलं आहे आणि ते घरी करणं मुळीच अवघड नाही. त्यासाठी दोन गोष्टी मात्र पक्क्या हव्यात: फुलाची ओळख आणि ते घेण्याची रीत. माझा नियम साधा आहे. फांदीवरचं फूल पाखरांचं, खाली पडलेलं आपलं. आणि ज्या फुलावर कुणाची वर्षाची मीठ-मिरची चालते, ते विकतच घ्यायचं.

आधी ओळख

‘पळसाला पानं तीनच’ हे सगळ्यांना पाठ असतं. पण पांगाऱ्यालाही तीनच पानं असतात. शिवाय बहराच्या वेळी दोन्ही झाडं बहुधा निष्पर्ण असतात. म्हणून पानांवर न जाता फूल हातात घ्या. पळसाचं फूल केशरी, मांसल आणि पोपटाच्या चोचीसारखं बाकदार असतं. देठाकडची वाटी, म्हणजे निदलपुंज, काळपट-तपकिरी आणि बोटाला मखमलीसारखी लागते. पांगाऱ्याची फुलं लालभडक आणि दाट तुऱ्यात येतात, फांद्यांवर काटे असतात. तो सरबताला वापरू नये. काटेसावरीचं फूल मोठं, जाड पाच पाकळ्यांचं, मध्ये पुंकेसरांचा झुपका आणि खोडावर काटे. त्यात गफलत व्हायचं कारण नाही. पळसवेलीची फुलं मात्र पळसासारखीच दिसतात, म्हणून फूल वेलीचं की झाडाचं, हे वर मान करून पाहून घ्या.

कडुलिंबाच्या बाबतीत बकाणा निंब फसवतो. कडुलिंबाची फुलं पांढरी, बारीक आणि मधासारख्या वासाची, बकाण्याची जांभळट. बकाण्याची फळं विषारी असतात, त्यामुळे जांभळट छटा दिसली की ते झाड सोडून द्यायचं. कण्हेर, बिट्टी, धोतरा आणि रुई यांची फुलं तोंडाच्या जवळपासही आणायची नाहीत. मुलं सोबत असतील तर आधी ही चार झाडं दाखवा, मग पळस.

कुठे, केव्हा, कशी गोळा करावीत

पळस फेब्रुवारीत फुलायला लागतो आणि मार्चमध्ये ऐन भरात असतो. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातल्या टेकड्या, पालघर-नाशिकची रानं आणि घाटाच्या पूर्वेकडचे कोरडे उतार, सगळीकडे तो भेटतो. मेळघाट, पेंच आणि गौताळ्याच्या जंगलातला पळस डोळे भरून बघावा, पण तिथून फूल उचलू नये. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय वनोपज काढायला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार बंदी आहे. आपल्याला बांधावरचा, गायरानातला किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यातला पळस हवा, तोही विचारून. हमरस्त्याच्या कडेचा नको, कारण फुलांवर धुराची आणि धुळीची पुटं असतात. औषध मारलेल्या शेताजवळचाही नको.

सकाळी लवकर जा. उजाडताच सूर्यपक्षी, साळुंक्या, बुलबुल मधासाठी झाडावर झुंबड करतात आणि त्यांच्या धक्क्यानेच ताजी फुलं खाली पडत राहतात. झाडाखाली जुनी सुती चादर अंथरून अर्धा तास बसलात, की घरापुरती फुलं सहज जमतात. मातीत पडून मलूल झालेली, काळे डाग असलेली घेऊ नका. गोळा केलेली फुलं कापडी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती तासाभरात घामेजतात आणि कुजकट वास धरतात.

पळसाचं सरबत

एक लिटरसाठी 40 ते 50 ताजी फुलं घ्या. प्रत्येक फुलाची मखमली वाटी काढून टाका. तुरटपणा बराचसा तिच्यातच असतो आणि मुंग्याही तिथेच दडून बसतात. पाकळ्या दोन पाण्यांतून हलक्या हाताने धुवा. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात त्या रात्रभर भिजत घाला. भांडं काचेचं, स्टीलचं किंवा मातीचं असावं. सकाळपर्यंत पाण्याला केशरी रंग चढतो. ते मलमलच्या फडक्यातून गाळा, पाकळ्या फार पिळू नका, नाहीतर तुरट चव पुढे येते. मग 100 ग्रॅम खडीसाखर, एका लिंबाचा रस, पाव चमचा सैंधव आणि थोडी भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. हे सरबत त्याच दिवशी संपवायचं.

ट्रेकला न्यायचं तर पाक करून न्या. दुप्पट फुलं घेऊन अर्धा लिटर दाट अर्क काढा, त्यात एक किलो साखर घालून मंद आचेवर विरघळू द्या, एक उकळी आणा आणि वर येणारी मळी काढा. गार झाल्यावर चार चमचे लिंबाचा रस घालून कोरड्या काचेच्या बाटलीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. निघताना लहान बाटलीत गरजेपुरता पाक घ्या. एक भाग पाक आणि चार-पाच भाग पाणी एवढं प्रमाण पुरतं.

ताजी फुलं मिळाली नाहीत तर वाळलेलीही चालतात. होळीच्या सुमारास विदर्भातल्या बाजारांत ती रंगासाठी विकायला येतात, एरवी काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. घेताना ती खाण्यालायक आणि बुरशी नसलेली आहेत ना, हे विचारा आणि वास घेऊन बघा. मूठभर वाळलेल्या पाकळ्यांवर उकळतं पाणी ओतून झाकण ठेवा, वीस मिनिटांनी गाळा. एक काळजी मात्र घ्या: सरबत फुलांचंच करायचं. पळसाच्या बिया जुन्या वैद्यकात जंतांवर देत असत, त्या औषधाच्या आहेत, सरबताच्या नाहीत. गरोदर स्त्रियांनी आणि नियमित औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळसाचं सरबत पिऊ नये.

मोहाचं पाणी

मोह म्हटलं की शहरी माणसाला दारूच आठवते. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार, पालघर या भागांत मात्र मोह हे आधी अन्न आहे. मार्च-एप्रिलच्या पहाटे फिकट पिवळी, रसरशीत फुलं टपटप खाली पडतात आणि घरातली बाया-माणसं, मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली जमतात. कुठलं झाड कुठल्या घराचं, हे गावात ठरलेलं असतं. वनहक्क कायदा, 2006 ने गौण वनोपजावर वनवासी समाजाचा हक्क मान्य केला आहे. म्हणून मोहाची फुलं आपण उचलायची नाहीत, गावातून विकत घ्यायची. भाव त्यांनी सांगितलेला द्यायचा. शिवाय पहाटेच्या मोहाखाली अस्वलही येतं. त्याला ही फुलं फार आवडतात, आणि जंगलालगतच्या गावांत अशा वेळी गाठ पडून माणसं जखमी झालेली आहेत. त्यामुळे पहाटे अनोळखी रानात मोहाखाली जाऊ नका.

वाळलेली 100 ग्रॅम मोहफुलं तळहातांवर चोळली की आतले केसर सुटतात, ते पाखडून टाका. फुलं तीन पाण्यांतून धुवा आणि एक लिटर पाण्यात चार तास भिजवा. त्याच पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा, पळीने दाबा आणि गाळा. गार झालं की लिंबाचा रस, किसलेलं आलं आणि चिमूटभर मीठ घाला. साखर लागत नाही, इतकी गोडी फुलात असते. मधुमेह असलेल्यांनी म्हणूनच जपून प्यावं. हे पाणी उन्हात ठेवलं तर लवकर आंबतं. गार प्या, दिवसाच्या आत संपवा आणि बंद बाटलीत सॅकमध्ये टाकून दिवसभर हिंडू नका.

कडुलिंबाच्या मोहोराचं पन्हं

गुढीपाडव्याला कडुलिंबाची कोवळी पानं-फुलं, गूळ, चिंच, ओवा, हिंग असं वाटून खायची रीत आहेच. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात उगादीला याच धर्तीवर कडुलिंबाची फुलं, गूळ, नवी चिंच आणि कैरी घालून पातळ पच्चडी करतात. तिची मैत्रीण म्हणावं असं पन्हं करता येतं: एक उकडलेली कैरी, तिच्या गराच्या दीडपट गूळ, पाऊण लिटर पाणी, मीठ, वेलदोडा, आणि वरून चमचाभर धुतलेला पांढरा मोहोर. फुलं पानांइतकी कडू नसतात. आंबटगोडावर त्यांचा हलका कडवटपणा छान लागतो. मोहोर पन्ह्यात आयत्या वेळी घाला, तासभर आधी घातलात तर पेलाभर पन्हं कडू होतं.

हिमालयात गेलात तर बुरांश

एप्रिलमध्ये चोपता-तुंगनाथ किंवा देवरियातालला जाणाऱ्या मराठी ट्रेकर्सना वाटेत लाल बुरांशाची झाडं दिसतातच. बुरांश हा उत्तराखंडचा राज्यवृक्ष. गावोगावी त्याच्या लाल पाकळ्या उकळून, साखर आणि आंबटपणा घालून सरबत करतात आणि बाटल्या विकतात. तीच बाटली विकत घ्या. त्याच कुळातली उंचावरची पांढऱ्या-गुलाबी फुलांची झुडपं विषारी असू शकतात, त्यामुळे तिथे स्वतः फुलं तोडून प्रयोग करू नका.

ट्रेकवर नेताना

फुलांचं सरबत चवीसाठी आहे. उन्हात घामावाटे मीठ जातं, ते भरून काढायचं तर प्रमाण पाळायला हवं. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती जलसंजीवनीचं माप लक्षात ठेवा. उलट्या, चक्कर, पेटके अशी लक्षणं दिसली की सरबत बाजूला ठेवून जलसंजीवनी द्या, सावली शोधा आणि उतरायचं बघा. कुठलंही फूल पहिल्यांदा चाखताना अर्धाच पेला घ्या. परागाची ॲलर्जी असेल तर घेऊच नका. आणि ट्रेकच्या दिवशी नवीन काही पिऊन बघू नका, ते घरी करून झालेलं असावं.

यंदा सुरुवात एकाच झाडापासून करा. घराजवळचा एक पळस हेरा, फुलण्यापासून शेंगा धरेपर्यंत त्याच्याकडे जात राहा, त्याच्यावर कोण कोण येतं ते बघा. त्याची पडलेली फुलं आणून सरबत करा आणि शेजारी दोन पेले द्या. पुढच्या वर्षी त्याच झाडाखाली कुणी कचरा पेटवायला किंवा फांद्या छाटायला आलं, तर आड उभं राहायला तुम्ही एकटे असणार नाही.