क्षमेची घाई नको

ज्या कैद्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी विधी सेवेच्या यादीतून मी येरवडा कारागृहात जाऊ लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. भिंतीच्या आत आरोपी भेटतात. ज्यांचं माणूस गेलं ते शिवाजीनगर कोर्टाच्या व्हरांड्यात भेटतात. दोन्हीकडचं ऐकून जे पटलं, ते लिहिते आहे.

१. न्याय मागणारा माणूस सूडाला पेटलेला नसतो.

आपल्याकडे क्षमा करणाऱ्याला मोठ्या मनाचा म्हणतात आणि कोर्टाची पायरी चढणाऱ्याला हेकट. मला हे अजिबात मान्य नाही. एव्हरेट वर्दिंग्टन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्षमेचा अभ्यास करत होते, त्याच काळात १९९५ सालच्या अखेरीस घरात शिरलेल्या चोराने त्यांच्या आईचा खून केला. वर्दिंग्टन आणि त्यांचे सहकारी सांगतात की, जे व्हायला हवं होतं आणि जे प्रत्यक्षात झालं, यांत दुखावलेल्या माणसाला एक अंतर जाणवतं. ते जितकं जास्त, तितकी क्षमा अवघड. कबुली, भरपाई, शिक्षा, मनापासूनचा पश्चात्ताप यांतल्या प्रत्येक गोष्टीने ते थोडं कमी होतं. म्हणजे न्यायामुळे क्षमेची वाट अडत नाही, उलट मोकळी होते. त्यांनी आणखी एक फरक दाखवला: सूड घ्यायचा नाही हे ठरवणं वेगळं आणि मनातला राग निवणं वेगळं. ठरवणं एका दिवसात जमू शकतं. राग निवायला किती काळ लागेल, हे बाहेरच्यांनी सांगू नये.

२. शिक्षेच्याही आधी, काय घडलं ते कळायला हवं असतं.

एका खटल्यात रस्त्यावरच्या मारामारीत मुलगा गेला होता. त्याची आई प्रत्येक तारखेला यायची. खटला कागदावर ‘राज्य विरुद्ध आरोपी’ असा असतो, त्यात आईला जागा नाही. तीही साक्षीदार होती, म्हणून तिची साक्ष होईपर्यंत तिला आत बसता येत नव्हतं. मी समोरच्या बाजूची वकील, तरी एकदा तिने मलाच गाठलं. “बाई, त्यानं शेवटी पाणी मागितलं होतं का, एवढं मला कुणीच सांगत नाही.” शवविच्छेदनाच्या अहवालात जखमांची लांबी-खोली होती, हे नव्हतं. पुढे एका चहावाल्याची साक्ष झाली. तोवर तिची साक्ष आटोपली होती, त्यामुळे ती आत बसली होती. मुलाला आपण पाणी पाजलं, असं तो बोलण्याच्या ओघात सांगून गेला. त्या वाक्याचा खटल्याच्या निकालाशी काही संबंध नव्हता. ती मात्र भिंतीला टेकून कितीतरी वेळ रडली, आणि त्यानंतर “फाशी कधी होणार” हा तिचा नेहमीचा प्रश्न मला पुन्हा ऐकू आला नाही. तिने माफ केलं का? नाही. आणि तिने ते करावं, असं तिला सांगण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही.

३. दुखावलेल्यावर भार टाकून मिळवलेला सलोखा अर्धाच राहतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण मी जाते त्याच येरवडा कारागृहात घडलं. ब्रिटिश सरकारच्या ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला तिथे प्राणांतिक उपोषण सुरू केलं. २४ तारखेला पुणे करार झाला. राखीव जागा वाढून प्रांतिक कायदेमंडळांत १४८ झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ मात्र गेले. गांधीजींची तळमळ खरी होती, सवर्णांनी प्रायश्चित्त घ्यावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण प्रायश्चित्त ज्यांनी घ्यायचं, त्यांच्या पदरचं काय गेलं? हातातला हक्क सोडावा लागला तो ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना, आणि तोही एका महात्म्याच्या प्राणाचं ओझं खांद्यावर घेऊन. अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून नाशिकला २ मार्च १९३० पासून सत्याग्रह चालू होता, तरी काळाराम मंदिराचं दार उघडलं नव्हतं. बाबासाहेब आंबेडकरांचा पुणे कराराबद्दलचा सल पुढेही गेला नाही, याचं मला नवल वाटत नाही.

४. घरच्यांची क्षमा वेगळी, राज्याची दया वेगळी.

गांधीजींचा खून करणाऱ्या नथुराम गोडसेला फाशी देऊ नये, अशी विनंती त्यांचेच पुत्र मणिलाल आणि रामदास गांधी यांनी केली होती. सरकारने ती मानली नाही आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्यात फाशी झाली. मी फाशीच्या विरोधात आहे. तरीही खुनासारखा गुन्हा घरच्यांच्या तडजोडीने मिटू नये, हे कायद्याचं तत्त्व मला योग्य वाटतं. नाहीतर गरिबाच्या घरी “मिटवून टाका” म्हणत पैसेवाले आणि गावपुढारी रोज येऊन बसतील.

५. शिक्षा भोगून झाली, तरी पश्चात्तापाचा प्रश्न उरतोच.

गांधी खून खटल्यातलेच दुसरे आरोपी, नथुरामचे भाऊ गोपाळ गोडसे, १९६४ मध्ये सुटले तेव्हा पुण्यात त्यांचा सत्कार झाला आणि देशभर संताप उसळला. शिक्षा संपलेल्या माणसाला काम मिळावं, घर मिळावं, याच्या मी पूर्ण बाजूची आहे. औंध संस्थानने १९३९ मध्ये आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला खुनाच्या कैद्यांना भिंतीशिवाय ठेवून दाखवलं, तो विश्वास मला फार मोलाचा वाटतो. पण विश्वास ठेवणं आणि हार घालणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सत्काराने जखम पुन्हा उघडी पडते.

तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर “आता सोडून दे, मन हलकं होईल” हे वाक्य कृपा करून बोलू नका. पुढची तारीख कधी आहे ते विचारा आणि त्या दिवशी त्यांच्यासोबत कोर्टात जाऊन बसा.