नखांवरचा संगमरवर

सुट्टी जवळ येऊं लागली कीं आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या बाजारांतल्या लहान लहान दुकानांत नेलपॉलिशच्या चिमुकल्या बाटल्यांभोंवतीं मुलींची गर्दी दिसूं लागते. ह्या लेखांत सोयीसाठीं आम्ही तिला नखरंग म्हणूं. शाळेंत नखें रंगवून येण्यास मनाई असते व ती योग्यच आहे. परंतु सुट्टींत, सणासुदीस किंवा घरच्या लग्नांत मुलींनीं हात शोभिवंत केले तर त्यांत रागावण्यासारखें आम्हांस कांहीं दिसत नाहीं. त्यांच्या आज्याहि नखांवर मेंदी चढवीतच होत्या. पालकांनीं रागवावें अशी गोष्ट निराळी आहे: पेटत्या शेगडीशेजारीं बसून, खिडकी लावून घेऊन रंगकाम करणें आणि उरलेलें सारें मोरींत ओतून देणें.

सध्यां विशेष आवड आहे ती संगमरवरी नक्षीची. पांढऱ्या रंगावर निळा किंवा करडा रंग ओढून दगडांतल्या शिरांसारख्या रेषा उमटवावयाच्या, त्याचा सुकलेला पापुद्रा कापून नखावर चिकटवावयाचा, असा हा प्रकार. दुकानांतून मिळणाऱ्या चिकटचित्रांपेक्षां घरीं केलेला पापुद्रा स्वस्त पडतो, आणि कोणतेहि दोन पापुद्रे सारखे होत नाहींत ह्यांत त्याची खरी मौज आहे.

रंग तरंगवून नक्षी उचलण्याची युक्ति दख्खनला नवी नव्हे. शहाजीराजे ज्या दरबाराच्या चाकरींत होते त्या विजापूरच्या आदिलशाहींत सतराव्या शतकांत ही कला कागदावर बहरली होती. फारसींत तिला ‘अब्री’ म्हणत. ‘अब्र’ म्हणजे ढग. कारागीर पसरट भांड्यांत डिंकाचें किंवा मेथीच्या दाण्यांचें बुळबुळीत पाणी घेत, त्यावर रंगाचे थेंब सोडीत, ते सुईनें किंवा फणीनें ओढीत आणि वर कागद अलगद टेकवून नक्षी उचलीत. जेथें नक्षी नको असे तेथला कागद आधींच झांकून ठेवीत, म्हणजे मनुष्याच्या किंवा जनावराच्या आकृतीपुरतीच नक्षी उमटे. हडकुळा घोडा आणि त्याचा स्वार ह्यांचें असें एक विजापुरी चित्र न्यू यॉर्क येथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे. तें 1625 च्या सुमाराचें मानितात. तुर्कस्तानांत हीच कला ‘एब्रू’ ह्या नांवानें अद्याप जिवंत आहे व 2014 सालीं युनेस्कोनें तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. आणि दूर कशाला जावें? आपल्याकडे परातींतल्या पाण्यावर रांगोळी काढणाऱ्या कुशल बायका अजून आहेत. पाण्याच्या पाठीवर रेषा ठरते कशी, हा प्रश्न ह्या सर्वांनीं आपापल्या परीनें सोडविलेला आहे.

त्याचें उत्तर घरच्या घरीं पाहतां येतें. ताटांत स्वच्छ पाणी घ्यावें, वर मिरपूड भुरभुरावी आणि मधोमध साबण लावलेलें बोट टेकवावें. पूड भ्यालेल्या मुंग्यांसारखी कडेकडे पळते. पाण्याच्या पृष्ठावर जणूं एक ताणलेला पडदा असतो. त्या ताणास पृष्ठताण म्हणतात. साबणानें मधला ताण कमी होतो, बाहेरचा ताण जिंकतो आणि पुडीस ओढून नेतो. नखरंगाच्या थेंबाचें असेंच होतें. पाण्याचा पृष्ठताण दर सेंटिमीटरास सुमारें 72 डाइन, तर नखरंगांतील द्रावकांचा सुमारें 25. म्हणून पाण्यावर पडलेला थेंब क्षणांत वर्तुळाकार पसरतो. दुसरा थेंब त्याच्या पोटांत पडतो, तिसरा त्याच्याहि पोटांत, आणि झाडाच्या बुंध्यावरील कड्यांसारखीं कडीं तयार होतात. तीं सुईच्या टोंकानें ओढलीं कीं झाला संगमरवर.

पुष्कळ मुली तक्रार करतात कीं सांगितल्याप्रमाणें सर्व केलें तरी थेंब पसरत नाहीं, गोळा होऊन तळाशीं जातो. कारणें बहुधा तीन असतात. वाटी घांसतांना लागलेला साबण नीट धुतला गेला नसला म्हणजे पाण्याचा ताण आधींच उतरलेला असतो. मग थेंबास पसरविणार कोण? दुसरें, माठांतलें गार पाणी घेतलेलें असतें. त्यावर रंग नीट पसरण्यापूर्वींच आंखडतो. पाणी खोलींतल्या हवेइतकेंच उबदार असावें. तिसरें, बाटली वर्षभर उघडमीट होऊन रंग घट्ट झालेला असतो.

आतां त्या बाटलींत असतें काय तें पाहूं. रंगाची पूड आणि चिवटपणा देणारीं द्रव्यें सोडलीं तर मुख्य पदार्थ दोन: पडदा धरणारें नायट्रोसेल्युलोज, आणि त्यास पातळ ठेवणारीं एथिल अॅसिटेट, ब्युटिल अॅसिटेट ह्यांसारखीं उडून जाणारीं द्रावकें. नायट्रोसेल्युलोज म्हणजे नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांचा संस्कार केलेला कापूस. 1846 सालीं शोनबाइन ह्या रसायनज्ञानें तो प्रसिद्ध केला तेव्हां बंदुकीच्या दारूचा प्रतिस्पर्धी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्यांतील नायट्रोजनाचें प्रमाण कमी राखलें म्हणजे त्याचाच एक सौम्य भाऊ तयार होतो. तो द्रावकांत विरघळतो आणि सुकल्यावर चकचकीत लेप देतो. 1920 नंतरच्या दशकांत मोटारगाड्यांस हा लेप देऊं लागले, 1932 सालीं अमेरिकेंत रेव्हलॉन कंपनी निघून तिनें दाट, अपारदर्शक नखरंग बाजारांत आणिला, आणि आपल्याकडे 1952 सालीं टाटा ऑइल मिल्सनें लॅक्मे हा कारखाना काढिला. ‘लॅक्मे’ हें ‘लक्ष्मी’ ह्या नांवाचें फ्रेंच रूप आहे हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मोटारीचें चिलखत आणि मुलीचें नख ह्यांस एकाच घराण्याचा रंग मिळाला, ही गोष्ट आम्हांस मोठी गमतीची वाटते.

पाण्यांत बोटें बुडविण्याच्या रीतींत रंग कातडीसहि माखतो आणि तो पुसण्यास अॅसिटोन फार लागतें. म्हणून आम्ही पापुद्र्याची रीतच पसंत करितों. तिची कृति अशी. पालथ्या ताटावर पॉलिथीनची जाड, गुळगुळीत पिशवी ताणून चिकटपट्टीनें बसवावी. तीवर नखाहून थोडा मोठा असा रंगहीन नखरंगाचा ठिपका पसरून दहा-पंधरा मिनिटें सुकूं द्यावा. मग पांढऱ्या रंगाचा जाडसर हात द्यावा, आणि तो ओला असतांनाच निळ्या वा करड्या रंगाचे दोन-तीन बारीक थेंब सोडून सुईनें ओढावे. येथें हात आंखडता ठेवावा. पांच-सहा ओढींत नक्षी होते. दहाव्या ओढीस तिचा चिखल होतो. लाल आणि हिरवा शेजारीं ठेवूं नयेत, कारण ते मिसळले कीं मातकट दिसतात. खऱ्या संगमरवराची शीर एका बाजूस जाड, दुसऱ्या बाजूस विरत गेलेली असते. सुई टेकवून हळूहळू उचलीत नेल्यास तशीच रेषा मिळते.

ह्यानंतर ताट झांकून रात्रभर विसरून जावें. ओला हात हवेंत धरून बसलें कीं नेमकी त्याच वेळीं दाराची घंटा वाजते, हा सर्वांचा अनुभव आहे. पापुद्र्याच्या रीतींत वाळण्याचें काम हातावर नव्हे, ताटावर होतें, म्हणून ही पंचाईत टळते. सकाळीं कडेनें अलगद उचलावा. रबरासारखा ताणला गेला तर आंत द्रावक शिल्लक आहे असें समजून पुन्हां ठेवावा. नखाहून किंचित् लहान असा कात्रीनें कापावा, कातडीकडची बाजू गोल करावी. कडक वाटल्यास तळहातावर क्षणभर ठेवावा, ऊबेनें तो मऊ होतो. मग नखावर रंगहीन लेप द्यावा, तो चिकट झाला कीं पापुद्रा मध्यापासून कडेकडे दाबून बसवावा, टोंकास राहिलेला भाग कानशीनें वरून खालीं एकाच दिशेनें घांसून काढावा आणि शेवटीं पुन्हां रंगहीन लेप देऊन कडा बंद कराव्या.

पॉलिथीन ज्यास सहज सोडतें त्यास नख कसें धरून ठेवतें, असें एखादा चौकस विद्यार्थी विचारील. पॉलिथीनचे रेणु इतर पदार्थांशीं फारशी सलगी करीत नाहींत, आणि आपलीं द्रावकें त्यास विरघळवीतहि नाहींत. म्हणून लेप त्यावर नुसता टेकलेला असतो. नखावरील ताज्या लेपांतलें द्रावक मात्र पापुद्र्याची खालची बाजू किंचित् विरघळवितें, आणि सुकतांना दोघे एकजीव होतात. थर्मोकोलची बशी ह्या कामीं चुकूनहि घेऊं नये. तीच विरघळून खड्डे पडतात.

आपल्या गांवीं पावसाळ्यांत एक अडचण हटकून येते: पापुद्रा धुरकट होतो. द्रावक उडून जातांना लेपास थंड करितें, जसें अंगावरचा घाम वाळतांना गार वाटतें. आषाढ-श्रावणांत हवा ओलसर असते. त्या थंड लेपावर दंव धरतें आणि त्यांतलें नायट्रोसेल्युलोज पांढुरकें पडतें. उपाय एवढाच कीं थर पातळ द्यावे, पंख्याचा झोत थेट वर घेऊं नये आणि पाऊस उघडलेला दिवस निवडावा.

आतां शेगडीची गोष्ट. एथिल अॅसिटेटची वाफ उणें 4 अंश सेल्सिअसपासून, आणि नखरंग पुसण्याच्या अॅसिटोनची वाफ उणें 20 अंशांपासून ठिणगीनें पेट घेऊं शकते. म्हणजे आपल्या हवेंत ती बाराहि महिने पेटण्याजोगी असते. शिवाय ह्या वाफा हवेहून जड आहेत. अॅसिटोनची वाफ हवेच्या दुप्पट, एथिल अॅसिटेटची तिप्पट जड असते. त्या वर न जातां जमिनीलगत सरपटत जातात. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं एकाच खोलींत स्वयंपाक, अभ्यास व झोंप चालते. तेथें कोपऱ्यांत अॅसिटोनची बाटली लवंडली तर पलीकडच्या गॅसच्या ज्योतीपर्यंत वाफ पोंचण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून दार-खिडकी उघडी ठेवून, शेगडी, देवापुढची समई, उदबत्ती, सारें विझलेलें असतांनाच हें काम करावें. लहान भावंडांस जवळ बसवूं नये. वासानें डोकें जड झालें तर उठून बाहेर जावें. आयांस आमची विनंति आहे कीं मुलीस नुसतें ‘नको’ म्हणण्याऐवजीं हें कारण सांगावें. कारण कळलें म्हणजे ती तुमच्या माघारींहि तें पाळील.

नखाविषयींहि थोडें सांगतों. नख केरॅटिनचें, म्हणजे केसांच्याच द्रव्याचें असतें. हाताचें नख महिन्यास सुमारें 3 मिलिमीटर वाढतें, म्हणून पूर्ण नवें येण्यास सहा महिने लागतात. कंटाळा आला म्हणून पापुद्रा ओरबाडून काढिला तर नखाचे वरचे पदर त्याबरोबर सोलले जातात, आणि ती इजा वाढून पुढें सरकेपर्यंत महिनोन्महिने दिसते. कापसाचा बोळा अॅसिटोनांत भिजवून थोडा वेळ नखावर धरावा, पापुद्रा आपण होऊन सुटतो. नंतर बोटांस खोबरेल तेल चोळावें. इस्पितळांत जावयाचें असेल तर नखें स्वच्छ करून जावें. अंगांत रक्त कमी आहे काय, ओंठ व नखें निळीं पडलीं आहेत काय, हें डॉक्टर नखांवरून पाहतात. शिवाय रक्तांतील प्राणवायु मोजणारें बोटावरचें यंत्र गडद रंगामुळें चुकीचा आंकडा दाखवूं शकतें.

उरलेल्या रंगाचें काय करावें? आमच्या गांवाची वालधुनी नदी शिवमंदिराजवळून वाहते. शके 982, म्हणजे इसवी सन 1060, हा शिलालेख ज्या काळ्या दगडांच्या देवळांत सांपडला, तेंच हें देऊळ. तेथून ती उल्हासनगरांतून जाऊन कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते, आणि वाटेंत कारखान्यांचें किती सांडपाणी पोटांत घेते हें तिच्या वासावरून पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकास कळतें. 2014 च्या नोव्हेंबरांत उल्हासनगरांत एका टँकरानें तींत रासायनिक द्रव्य ओतलें, आणि कांठच्या शेंकडों लोकांस श्वासाचा त्रास होऊन इस्पितळ गांठावें लागलें. मुलीची वाटी आणि तो टँकर ह्यांची बरोबरी होत नाहीं हें आम्हांस कबूल आहे. पण दोहोंची वाट एकाच नाल्यांतून जाते. वाटींतल्या पाण्यावरील रंगाचा पडदा काडीस गुंडाळून काढावा व वाळवून केरांत टाकावा. अॅसिटोनाचे बोळे उघड्या खिडकींत पुरते वाळूं द्यावे, मग तेहि केरांतच टाकावे. बाटलीच्या तळाशीं घट्ट झालेला रंग मोरींत ओतूं नये. झांकण उघडें टाकून ती बाहेर सावलींत, लहान मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा जागीं ठेवावी. आठ-दहा दिवसांत आंतला रंग दगडासारखा होतो, आणि मग बाटली कोरड्या कचऱ्याच्या डब्यांत टाकण्याजोगी होते.