एक जुने, एक नवे

मुलांनो, दर आठवड्यास ऐकण्यासाठी दोन गीतसंग्रह निवडा. एक जुना, एक नवा. 'कट्यार काळजात घुसली' या १९६७ सालच्या नाटकाची पदे पं. जितेंद्र अभिषेकी यांनी स्वरबद्ध केली. २०१५ साली त्यावर चित्रपट निघाला; त्यात जुन्या पदांशेजारी शंकर-एहसान-लॉय यांची नवी गीते आहेत. दोन्ही ऐकली, म्हणजे जुने कोठे टिकले आणि नवे कोठे उमलले, हे कानांस कळते.

याहून जुनी गाणी जात्यावर गायली जात. ती केवळ कंठात वसत. कंठ थांबला, की गाणेही थांबे. १९९६ साली बीड जिल्ह्यातील माजलगावच्या स्त्रियांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या, म्हणून त्या आजही ऐकता येतात. तुमच्या आजीच्या ओव्या कोणी जपल्या आहेत काय? नसतील, तर या आठवड्यात जुन्या गाण्याची जागा तिला द्या.