कँडी रंग महाग का?

प्रश्न : गाडीला कँडी लाल रंग द्यायचाय. मेटॅलिकपेक्षा तो इतका महाग का?

उत्तर : कँडीचा थर पारदर्शक असतो. खाली रुपेरी किंवा सोनेरी बेस, त्यावर कँडी, शेवटी क्लिअर कोट. उजेड बेसवरून परततो, म्हणून रंगाला खोली येते. कॅलिफोर्नियातले गाड्या सजवणारे कारागीर जो बेलन यांनी १९५०च्या दशकात गाजवलेला ‘कँडी अ‍ॅपल रेड’ असाच.

पैसे लागतात ते कारागिराच्या हाताचे. प्रत्येक थरागणिक रंग गडद होतो. स्प्रे गनचा हात एका जागी जास्त फिरला, की दारावर पट्टा उमटलाच!

पुढे ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी रंग जुळवणं महाकठीण. रोज रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला हा थाट न केलेलाच बरा. हौस असेलच, तर आधी नमुन्याचा पत्रा रंगवून बघा आणि आरटीओत रंगबदलाची नोंद करा.