वचन कोणाचे? अंकित आणि त्याची पारख



अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' अशी कवीची नाममुद्रा असते, हे आपणांस ठाऊकच आहे. वचनाचे तसे नाही. महात्मा बसवेश्वरांचे वचन म्हणताना शेवटी 'कूडलसंगमदेव' हे नाव येते, 'बसव म्हणे' असे येत नाही. वचनकाराने तिथे आपले नव्हे, तर आपल्या आराध्याचे नाव ठेवले. मग साहजिकच प्रश्न पडतो की, ज्याने नाव घातलेच नाही त्याचे वचन ओळखावे कसे? या पाठात त्याचाच विचार करू.

१. अंकित म्हणजे काय?

वचनाच्या शेवटी येणाऱ्या देवनामास अंकित म्हणतात. अल्लमप्रभुदेवांचे अंकित 'गुहेश्वर', अक्कमहादेवींचे 'चेन्नमल्लिकार्जुन', सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांचे 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' आणि दासिमय्यांचे 'रामनाथ'. अंबिगर चौडय्यांसारखे काही शरण मात्र स्वतःचेच नाव घालतात. आयदक्की मारय्यांचे अंकित 'अमरेश्वरलिंग', तर त्यांच्या पत्नी लक्कम्मा यांचे 'मारय्यप्रिय अमरेश्वरलिंग'. या एका शब्दामुळेच लक्कम्मांची वचने पतीच्या वचनांत मिसळून गेली नाहीत. एका स्त्रीचा स्वतंत्र अनुभव आज तिच्या नावावर उभा आहे, तो त्या शब्दाच्या आधारावर.

पण धोकाही इथेच आहे. बसवण्णांचे अंकित 'कूडलसंगमदेव' आणि त्यांचे भाचे चेन्नबसवण्णा यांचे 'कूडलचेन्नसंगमदेव'. नक्कल करणाऱ्याच्या हातून मधला 'चेन्न' सुटला, की भाच्याचे वचन मामाच्या खाती जमा झाले! मराठीतही असे घडले आहे. संत नामदेव आणि नंतरच्या काळातील विष्णुदास नामा यांच्या रचना सारख्या नावामुळे एकमेकींत मिसळल्या आणि अभ्यासकांना त्या निवडत बसावे लागले. म्हणून अंकित हा पहिला साक्षीदार खरा, पण तो एकटा पुरेसा नाही.

२. आपल्या हाती काय आले?

कल्याणात शरणांची वचने जपून ठेवण्याचे काम वचनभांडारी शांतरस करीत, असे परंपरा सांगते. बाराव्या शतकातील कल्याणक्रांतीनंतर शरणांची पांगापांग झाली. आज अभ्यासक ज्या ताडपत्रांवर विसंबतात, ती मुख्यतः पंधराव्या शतकापासून पुढची आहेत. मधल्या सुमारे तीनशे वर्षांत वचने मुखोद्गत राहिली आणि एका पोथीतून दुसऱ्या पोथीत उतरत गेली.

विजयनगरच्या प्रौढदेवरायाच्या काळात (१४२४ ते १४४६) विरक्तांनी वचने गोळा करून लावण्याचे मोठे कार्य आरंभिले. शिवगणप्रसादी महादेवय्यांनी सिद्ध केलेले 'शून्यसंपादने' हे त्याच शतकातले. त्यात प्रभुदेव, बसवण्णा, अक्कमहादेवी समोरासमोर संवाद करतात. इथे एक भेद ध्यानी ठेवावा. त्यातील वचने शरणांची आहेत, परंतु ती एकापुढे एक मांडून त्यांचा संवाद गुंफणारे आणि मधले गद्य लिहिणारे संपादक आहेत. ज्याने फुले वाढवली तो एक, माळ ओवली तो दुसरा. दोघांनाही वंदन करावे, पण एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर घालू नये.

३. अभ्यासक कोणत्या कसोट्या लावतात?

पहिली कसोटी पोथ्यांची. वचन किती पोथ्यांत आहे, त्या किती जुन्या आहेत, सर्वांत अंकित एकच आहे की निरनिराळे, हे पाहतात. एकाच पोथीवरून उतरलेल्या दहा प्रती म्हणजे दहा साक्षी नव्हेत, ती एकच साक्ष होय.

दुसरी कसोटी भाषेची. ही जपून वापरावी लागते, कारण नक्कल करणारा नकळत आपल्या काळची बोली त्यात घालतो. शब्द अलीकडचा दिसला म्हणून सारे वचनच अलीकडचे ठरत नाही.

तिसरी कसोटी विषयाची. एकशे एक स्थलांची तपशीलवार मांडणी पंधराव्या शतकात सिद्ध झाली. बाराव्या शतकातील शरणाच्या अंकिताखाली ती पूर्ण मांडणी गृहीत धरलेली दिसली, तर शंका येते. बसवादी शरणांच्या नावावरील 'कालज्ञान' वचने नंतरची मानतात, तीही अशाच विचाराने.

चौथी कसोटी बाहेरच्या पुराव्याची. बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी तालुक्यातल्या अर्जुनवाड येथील १२६० च्या शिलालेखात बागेवाडी, मादिराज आणि त्यांचे पुत्र बसवराज यांचा उल्लेख आहे. आपल्या भागातला हा दगड बसवण्णांच्या अस्तित्वाची साक्ष देतो, परंतु अमुक वचन त्यांचेच, हे तो सांगत नाही. कोणता पुरावा काय सिद्ध करतो, हे ओळखणे हाच या विद्येचा गाभा आहे.

वचनपितामह डॉ. फ. गु. हळकट्टी (१८८० ते १९६४) यांनी विजापुरात वकिली सांभाळून घरोघरच्या पोथ्या मिळवल्या. त्यांच्या 'वचनशास्त्रसार'चा पहिला भाग १९२३ साली निघाला. पुढे डॉ. एम. एम. कलबुर्गी यांच्या प्रधान संपादकत्वाखाली कर्नाटक शासनाने १९९३ साली 'समग्र वचन संपुट' पंधरा खंडांत काढले. आज वचन पडताळायचे तर तिथे पाहावे.

४. अंकित बदलले तर?

'बसव वचन दीप्ती' या ग्रंथात 'कूडलसंगमदेव' काढून 'लिंगदेव' असे अंकित घालण्यात आले. कर्नाटक शासनाने १९९८ साली त्या ग्रंथावर बंदी घातली आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. बंदी योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवू. अभ्यासाच्या दृष्टीने एवढे निश्चित की, हेतू कितीही चांगला असो, अंकित पुसले की वचनकाराला ओळखण्याची पहिली खूणच पुसली जाते.

५. श्रद्धेला धक्का बसतो काय?

कोणी म्हणेल, "बसवण्णांचे म्हणून जे वचन नित्य म्हणतो, ते त्यांचे नाही असे ठरले तर?" भाविकहो, ते वचन खोटे होत नाही. ते एखाद्या अनाम शरणाचे ठरेल. अनुभवमंटपात चांभार, नावाडी, कष्टकरी स्त्रिया यांच्या बोलाला मान होता, मग त्या अनामाच्या बोलाला का नसावा? मात्र जे बसवण्णा बोललेच नाहीत, ते त्यांच्या मुखी घालणे हे असत्य आहे. सत्य बोलणे हाच देवलोक मानणाऱ्यांना ते शोभत नाही.

आता मोबाईलवर रोज वचने येतात. कित्येकांना अंकित नसते, कित्येकांत मराठी सुविचाराला 'कूडलसंगमदेव' जोडलेले असते. पुढे पाठविण्यापूर्वी अंकित पाहावे, संपुटात शोधावे, कन्नड जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांस विचारावे. सापडले नाही तर सुविचार म्हणून खुशाल सांगावे, वचन म्हणून सांगू नये.

मननासाठी प्रश्न

१) वचनकारांनी स्वतःच्या नावाऐवजी आराध्याचे नाव का घातले असावे?
२) दहा प्रती असूनही साक्ष एकच, असे केव्हा म्हणता येईल?
३) आपल्या नित्यपाठातील एका वचनाचे अंकित आणि वचनकार शोधून लिहा.