पाळीची तारीख

अणदूर हे तुळजापूर तालुक्यातले गाव. इथल्या खंडोबाला दोन ठाणी आहेत. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदूरला राहतो. पावणेदोन महिने तो नळदुर्गजवळ मैलारपूरला जातो. पौष पौर्णिमेची जत्रा तिकडेच भरते. गावातली एखादी आई म्हणते, “देव तिकडं गेला तवा पोर बाहेर बसली होती. देव परत आला, तरी पुन्हा बसली नाही. काय झालं असंल हो ताई?”

आईने खूण बरोबर ठेवली. पावणेदोन महिने म्हणजे पन्नासएक दिवस. मोठ्या बाईची पाळी इतकी लांबली तर चौकशी लगेच करावी. पण नुकतेच न्हाण आलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरीची गोष्ट निराळी आहे.

बाईच्या ओटीपोटात गर्भाची पिशवी असते. तिच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. महिन्याच्या महिन्याला त्यांतून एक बीज सुटते. इकडे पिशवीच्या आत मऊ अस्तर तयार होते. गर्भ राहिला नाही, तर ते अस्तर रक्तावाटे गळून पडते. तीच पाळी. बीज सोडण्याचा हुकूम मेंदूकडून येतो. न्हाण आल्यावर पहिली दोन-तीन वर्षे हा हुकूम नीट बसलेला नसतो. एखाद्या महिन्यात बीज सुटतच नाही. अस्तर मात्र वाढत राहते. मग पाळी उशिरा येते, आणि आली की जास्त जाते. यात पोरीचा दोष नाही. कुणाची नजर नाही, बाधा नाही. ते रक्त घाण नाही, आणि त्याचा विटाळही नाही.

आता हिशेब कसा करायचा ते पाहू. घरात भिंतीवर दिनदर्शिका असते. ज्या दिवशी पाळी आली, त्या तारखेला पेन्सिलीने गोल करावा. थांबली त्या तारखेला फुली मारावी. मोजायचे ते गोलापासून पुढच्या गोलापर्यंत. फुलीपासून मोजू नये. पुष्कळ बाया इथेच चुकतात. समजा, ५ जानेवारीला पाळी आली आणि पुढची ९ फेब्रुवारीला आली. हे ३५ दिवस झाले. त्यापुढची ३ मार्चला आली. हे २२ दिवस झाले. आई म्हणेल, एकदा लांबली, एकदा लवकर आली. पण दोन्ही ठीक आहेत. या वयात २१ ते ४५ दिवसांत पाळी आली तर काळजी नको. दोन ते सात दिवस जाणेही ठीक. एखाद्या वेळी पन्नास दिवस झाले, तर वाट पाहावी आणि तारीख लिहीत राहावे. आपण अक्षरे शिकलो, आकडे शिकलो, ते अशा कामाला येतात. पोरीला लाज वाटत असेल तर तिला तिची वही द्यावी.

तीन महिने पाळी आली नाही, म्हणजे ९० दिवस भरले, तर मात्र दवाखाना गाठावा. दरवेळी २१ दिवसांच्या आत येत असेल, किंवा सात दिवसांवर जात असेल, तरीही जावे. पंधरा वर्षे पुरी झाली आणि न्हाणच आले नाही, तरी दाखवावे. तासा-दोन तासांत घडी भिजते, पोरीला चक्कर येते, तोंड पांढरे पडते, असे झाले तर त्याच दिवशी न्यावे. रात्र काढू नये.

पाळी लांबण्याला कधी दुसरेही कारण असते. पोट भरत नाही, अंगात मांस नाही, काम फार, नाहीतर परीक्षेची धास्ती. कधी गळ्यातल्या ग्रंथीचा आजार असतो. कधी बीजकोशाचा असतो; त्यात वजन वाढते, तोंडावर पुटकुळ्या येतात, हनुवटीवर केस येतात. यांवर औषध आहे. कधी पोरीवर कुणी हात टाकलेला असतो आणि तिला दिवस गेलेले असतात. म्हणून डॉक्टर लघवी तपासतात. अशा वेळी पोरीला मारू नका. तिला जवळ घ्या. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

काही आज्या म्हणतात, “लगीन लावा, आपोआप सुरळीत हुईल.” हे साफ खोटे आहे. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे, आणि कोवळ्या अंगावर बाळंतपण म्हणजे जिवाशी गाठ. नवरात्रात तुळजापूरला जायचे म्हणून दुकानातून गोळी आणून पाळी पुढे ढकलतात. त्या गोळीनेही तारखा हलतात. डॉक्टरला विचारल्यावाचून ती देऊ नये. देवीला पोरीची पाळी चालते की नाही, हे माणसांनीच ठरवले आहे.

त्रास झाला की पिशवीच काढायची, ही खोड आपल्या मुलखाला वाईट लागली. २०१९ साली सरकारी समितीने शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ बायांची पिशवी काढलेली निघाली. लहानपणापासून पाळीचे नीट समजले असते, तर त्यांतल्या कितीतरी बायांचे ऑपरेशन टळले असते असे वाटते.

जास्त जाणाऱ्या पोरीचे रक्त कमी होते. रक्ताची तपासणी करावी. आकडा १२ च्या खाली असेल तर रक्त कमी समजावे. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. ती जेवल्यावर घ्यावी. तिने शौचाला काळे होते, त्याचे भय नाही. गोळीवर लगेच चहा पिऊ नये. सहा महिन्यांनी जंताची गोळीही घ्यावी. भाकरीबरोबर पालेभाजी, डाळ, गूळ-शेंगदाणे, वर लिंबू पिळून खावे. पोर बाहेर बसली म्हणून तिचे ताट कमी करू नये.

विचारायचे कुणाला? गावच्या आशाताईला विचारावे. अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सोबत्यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभे केले. खेड्यातल्या साध्या, थोड्या शिकलेल्या बायांना आरोग्याचे शिक्षण दिले आणि त्यांना ‘भारतवैद्य’ हे नाव दिले. शेजारच्याच बाईपाशी पाळीचे बोलायला लाज कमी वाटते.

दवाखान्यात जाताना दिनदर्शिका किंवा वही बरोबर न्यावी. डॉक्टर पहिल्यांदा तारखाच विचारतात. मग वजन पाहतात, रक्त तपासतात. लागली तर पोटावरून सोनोग्राफी करतात. ती दुखत नाही. अशी सोनोग्राफी पोटाच्या वरूनच होते, तेव्हा पोरीने घाबरू नये. आईने जवळ उभे राहावे. बाई डॉक्टर हवी असेल तर तसे सांगावे.