आजारासकट गाण्याचं करिअर

परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावरून एक रस्ता सेलूकडे जातो, एक जिंतूरकडे आणि एक मंठ्यामार्गे जालन्याकडे. या तिन्ही रस्त्यांवरच्या गावांत गाणारी मुलं भरपूर आहेत. सप्ताहात हरिपाठाला चाल धरणारी पोरं आहेत, भीमजयंतीला स्टेज गाजवणाऱ्या मुली आहेत, गणपतीत ऑर्केस्ट्राच्या माइकपर्यंत पोचायला धडपडणारे आहेत. त्यांच्यातल्या काहींच्या दप्तरात इन्सुलिनचं पेन असतं, इनहेलर असतो, नाहीतर फिटच्या गोळ्यांची पट्टी असते. मग घरात दोन वाक्यं ठरलेली. आई म्हणते, "तब्येत ही अशी, त्यात गाणं कशाला?" वडील म्हणतात, "गाण्यावर पोट भरतं का?"

दोन्ही प्रश्न खरे आहेत, त्यांना टाळून मार्गदर्शन होत नाही. माझं म्हणणं आधीच सांगते. मुलीने गावं की नाही हे आजाराने ठरवू नये. पण कोणत्या प्रकारचं गाणं, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि महिन्यातून किती वेळा, हे मात्र आजाराला विचारूनच ठरवावं लागतं. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. आधी गाणं बंद करतात, किंवा मग आजार लपवून मिळेल ते काम घेतात.

शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांची गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी, म्हणून जरा सविस्तर सांगते. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ ला जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ, म्हणजेच कुमार गंधर्व, लहानपणीच मैफली गाजवू लागले. पुढे मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडे शिकले. १९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी लग्न झालं आणि त्याच सुमारास क्षयाचं निदान झालं. वय तेवीस. क्षयावर खात्रीचं औषध आपल्याकडे अजून हाताशी नव्हतं. कोरड्या हवेत राहा आणि गाऊ नका, एवढंच डॉक्टर सांगू शकत होते. १९४८ च्या जानेवारीत हे जोडपं माळव्यात देवासला गेलं. त्यानंतरची सुमारे पाच वर्षं या तरुण गवयाने गाणं थांबवलं.

ही पाच वर्षं वाया गेली असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचं वाचावं. अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारजी माळव्यातल्या बायकांची गाणी आणि फिरत्या नाथपंथी जोग्यांची भजनं ऐकत राहिले. लोकधुनांत राग कुठे लपलेला असतो, याचा विचार करत राहिले. पुढे लगनगंधार, सहेली तोडी, मालवती अशा रागांची त्यांनी भर घातली आणि १९६५ मध्ये 'अनूपरागविलास' हे पुस्तक आलं, त्याची जमीन या सक्तीच्या विश्रांतीत तयार झाली. गळा बंद होता, कान चालू होते. मुलगी दोन महिने दवाखान्यात असेल किंवा डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती सांगितली असेल, तर संगीताचं शिक्षण थांबत नाही. ऐकणं, बंदिशी पाठ करणं, ताल हातावर मोजणं, स्वरलिपी लिहिणं, यासाठी श्वास खर्च होत नाही. चांगले गुरुजी हा अभ्यास आनंदाने देतात.

पण या गोष्टीतल्या आणखी दोन बाबी भाषणांतून गळून जातात. पहिली म्हणजे औषध. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये अमेरिकेत लागला. ते आपल्याकडे मिळू लागल्यावर, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला, कुमारजी त्यातून उठले आणि १९५३ च्या सुमारास पुन्हा मैफलीत बसले. क्षय जिद्दीने बरा झाला नाही, इंजेक्शनने झाला. जिद्द लागली ती नंतर, कारण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं होतं. आपल्याकडे 'मनाची ताकद असली की सगळं होतं' असं सांगून गोळ्या बंद करायला लावणारे लोक कमी नाहीत. त्यांचं ऐकू नका. गोळी आणि गाणं एकमेकांचे वैरी नाहीत.

दुसरी बाब भानुमतींची. त्यांनी देवासला शिक्षिकेची नोकरी केली, आजारी नवऱ्याची शुश्रूषा केली आणि घर चालवलं. एका महान गवयाचं पुनरागमन एका शिक्षिकेच्या पगारावर उभं होतं. आजारी कलाकाराच्या घरात दरमहा येणारी एक रक्कम लागतेच. ती आई-वडिलांची असेल, जोडीदाराची असेल, किंवा स्वतःच्या शिकवण्यांची. वडील पोटाचा प्रश्न विचारतात तेव्हा ते गाण्याचे शत्रू नसतात. या रकमेबद्दलच ते विचारत असतात.

परत आल्यावर कुमारजींनी लांब श्वासाच्या गायकीच्या मागे धाव घेतली नाही. छोट्या, टोकदार स्वरवाक्यांतून आणि मधल्या रिकाम्या जागांतून त्यांनी राग उभा केला. हे सगळं फुप्फुसामुळेच घडलं असं म्हणणं मला पटत नाही, कारण त्यामागे विचार होता, आणि तो आजार नसता तरी कुठेतरी निघालाच असता. पण शरीराशी भांडण्याऐवजी शरीराला सोबत घेऊन गायकी घडवता येते, याचा एवढा मोठा पुरावा दुसरा नाही. १९९० मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. १२ जानेवारी १९९२ ला ते गेले तेव्हा त्या निदानाला पंचेचाळीस वर्षं होत आली होती.

आता उलटं उदाहरण. एदित पियाफ ही पॅरिसची गायिका. रस्त्यावर गाणारी ही मुलगी १९३५ मध्ये एका कॅबरे मालकाच्या नजरेत आली आणि पुढे जगभर पोचली. तिला संधिवात होता. १९५१ मध्ये मोटार अपघात झाला, दुखणं दाबण्यासाठी मॉर्फिन सुरू झालं आणि त्याची सवय जडली. कार्यक्रम थांबले नाहीत. १९५९ मध्ये ती न्यूयॉर्कला गाता गाता कोसळली. पुढच्याच वर्षाच्या अखेरीला पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात पुन्हा उभी राहिली, कारण ते सभागृह बंद पडायच्या बेतात होतं. १० ऑक्टोबर १९६३ ला ती गेली, वय सत्तेचाळीस. आपल्याकडे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची गोष्ट अशाच कौतुकाने सांगतात, की तमाशाच्या फडात मध्येच बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या. त्यांच्या कलेपुढे मी नतमस्तक आहे. पण ही गोष्ट मुलींना आदर्श म्हणून सांगू नये असं मला ठामपणे वाटतं. त्या रात्री त्यांना थांबता आलं नाही, हे त्या व्यवसायाचं अपयश होतं. २००२ मध्ये विठाबाई गेल्या त्या हलाखीतच.

म्हणून 'गायिका व्हायचंय' एवढ्यावर थांबू नका. गाण्याची कामं अनेक आहेत आणि प्रत्येक काम शरीराकडून वेगळं काहीतरी मागतं. आपल्याच भागातलं सप्ताहाचं काम घ्या. पत्रिकेवर 'गायनाचार्य' म्हणून नाव छापून येतं, मान असतो, बिदागीही मिळते. पण रात्री कीर्तन, त्यानंतर जागर आणि पहाटे काकडा. ज्याला फिट येतात त्याच्यासाठी झोप मोडणं हेच फिट येण्याचं मोठं कारण असतं. अशा मुलाने हरिपाठ आणि कीर्तन घ्यावं, जागर घेऊ नये आणि हे कीर्तनकार महाराजांना आधीच सांगावं. ऑर्केस्ट्राचं काम याहून कठीण. लग्नसराईत लागोपाठ सुपाऱ्या, गाडीतली झोप, धूर, लखलखणारे दिवे, आणि पावसाळ्यात हात रिकामे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट मिळते. तब्येत नाजूक असलेल्या कलाकाराने या नियमाचा आधार जरूर घ्यावा, 'दहानंतर गाणार नाही' असं सुपारी ठरतानाच बोलावं. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत आणि क्लबमध्ये गाण्याचं काम आहे, गायिका उषा उथुप १९६९ मध्ये चेन्नईच्या नाइट क्लबमधूनच पुढे आल्या. पण ते काम मुळात रात्रीचं. मधुमेह असलेल्या मुलीला ते जमू शकतं, जेवणाची आणि इन्सुलिनची वेळ ठरलेली असली तर. दम्याच्या मुलाला धुराच्या खोलीत ते जमणार नाही, आणि हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

दिवसाउजेडी होणारी आणि बसून करायची कामं कमी लेखू नका. संगीत शिक्षक, फोनवरून किंवा संगणकावरून शिकवण्या, स्टुडिओतलं रेकॉर्डिंग, जिथे थकवा आला तर थांबून पुढची ओळ नंतर घेता येते. परभणीला आकाशवाणी केंद्र आहे. आकाशवाणीची स्वरपरीक्षा देऊन बी, बी हाय, ए अशी श्रेणी मिळते, आणि ती मिळाली की पुढे शिकवण्यांसाठीही नावाला वजन येतं.

शिक्षणाचा रस्ता तसा सरळ आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंत जातात. वर्षातून दोन सत्रं असतात, त्यामुळे एक सत्र आजारपणात गेलं तर वर्ष बुडत नाही. दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू शकतात, त्याचे नियम शाळेत आठवी-नववीतच विचारून ठेवा. पदवीसाठी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. सिकलसेल, थॅलेसेमिया किंवा हिमोफिलिया असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे आजार धरलेले आहेत. चाळीस टक्के किंवा अधिकचं प्रमाणपत्र असेल तर शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के जागा राखीव असतात. पुष्कळ पालक लोक काय म्हणतील म्हणून हे प्रमाणपत्र काढत नाहीत. मुलीचा हक्क तुम्ही लाजेखातर घालवू नका.

पैशाबद्दल एक गोष्ट स्पष्ट ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारांचं. रोजच्या गोळ्या, पट्ट्या, तपासण्यांचा खर्च खिशातूनच जातो. तो महिन्याला किती येतो हे कागदावर लिहा. मुलीची नियमित कमाई, म्हणजे शिकवण्या किंवा नोकरी, आधी एवढ्या रकमेपर्यंत पोचली पाहिजे. स्टेजची कमाई त्यावरची समजा. बी.ए. संगीताबरोबर एखादं दुसरं कौशल्य, संगणकावर ध्वनिसंपादन म्हणा किंवा बी.एड. म्हणा, याच हिशेबासाठी हवं.

डॉक्टरांकडे जाताना 'गाऊ का?' असं विचारू नका. त्याचं उत्तर सावधपणे 'नको' असंच येतं. 'ही रोज दोन तास रियाज करते, महिन्यात चार कार्यक्रम करते, या औषधाचा आवाजावर काय परिणाम होईल?' असं विचारा. दम्याच्या स्टेरॉइड इनहेलरने आवाज बसू शकतो. स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायची नळी, वापरून आणि नंतर चूळ भरून तो त्रास पुष्कळ कमी होतो. सर्दीच्या काही गोळ्या घसा कोरडा करतात. थायरॉइड कमी पडला की आवाज जड होतो. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेली असेल तर एकवीस दिवसांचं पेनिसिलिन इंजेक्शन कार्यक्रमासाठी पुढे ढकलायचं नसतं. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला तर काढा-हळदीवर थांबू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. परभणीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, दरवेळी छत्रपती संभाजीनगर गाठायची गरज नाही.

आता थोडं मुलामुलींशी. आजार साथीदारांपासून लपवू नका. साखर उतरली तर तीन चमचे साखर कुठल्या खिशात आहे, फिट आली तर कुशीवर वळवायचं आणि तोंडात काही घालायचं नाही, हे तबलजीला आणि पेटीवाल्याला माहीत हवं. नाव खराब होईल ही भीती मी समजू शकते, मुलींच्या बाबतीत लग्नाची काळजीही त्यात मिसळलेली असते. तरी स्टेजवर सोबत बसलेल्या दोन माणसांना सांगितलंच पाहिजे. गायिका सेलेना गोमेझने ल्युपस हा आजार आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाबद्दल, गायक निक जोनसने तेराव्या वर्षी झालेल्या मधुमेहाबद्दल उघड बोलून टाकलं, त्यांचे श्रोते कुठे गेले नाहीत.

या जूनपासून एक वही घाला. कार्यक्रम किंवा रियाज, किती वेळ, किती झोप झाली, गोळ्या वेळेवर गेल्या का, दुसऱ्या दिवशी गळा आणि अंग कसं होतं, एवढं रोज चार ओळींत. आईने लिहिली तरी चालेल. पुढच्या एप्रिलपर्यंत कोणतं काम सोसतं आणि कोणतं नाही हे त्यात दिसू लागेल. ती वही घेऊन एकदा डॉक्टरांकडे आणि एकदा गुरुजींकडे जा, आणि पुढच्या वर्षी किती सुपाऱ्या घ्यायच्या हे त्या दोघांशी बोलून ठरवा.